नळीचा उतार

दोन टर्बो मी गोणपाटावर शेजारीशेजारी मांडले आणि हरूशेटना म्हणालो, "घ्या, बघून घ्या. हा थोरला, हा धाकटा."

हरूशेट पावसे म्हणजे वेळवाडी बंदरातले बडे नाखवा. 'जलदेवी' ही त्यांची बोट. बोट दणकट, पण इंजिन लॉरीचं, साधं सहा सिलिंडरचं. खोल पाण्यातून मासळी घेऊन यायची तर शेजारची बोट हिच्या आधी अर्धा तास धक्क्याला लागायची, आणि ही येईस्तोवर लिलाव निम्मा उरकलेला. नवं इंजिन घ्यायचं नव्हतं. म्हणून मी सुचवलं होतं, आहे त्याच इंजिनाला टर्बो लावू.

हरूशेटनी थोरला उचलला. दोन्ही हातांनी तोलून पाहिला. "दिसायला तर हाच मर्द दिसतो."

"तो कुंभकर्ण आहे, शेट. इंजिनाचा धूर जोरात आला की त्या धुरावर ही आतली चकती फिरणार, आणि पलीकडची चकती इंजिनाला हवा कोंबणार. थोरल्याला जागं व्हायलाच इंजिनाचे मिनिटाला दोन हजारांच्या वर फेरे लागतात. तुमचं इंजिन समुद्रात फिरतं सोळाशेला. म्हणजे हा झोपलेलाच राहणार. धाकटा बाराशेलाच उठून बसतो."

"मग हा आणलास कशाला?"

"तुम्ही थोरलाच मागणार म्हणून. दाखवल्याशिवाय पटलं नसतं."

हरूशेट खो खो हसले. पलीकडे दोर बांधायच्या खुंटावर नारूकाका सुपारी कातरत बसले होते. नारायण दोरकुळकर. 'जलदेवी'वर इंजिन सांभाळणारा माणूस, आमच्या बंदरात त्याला डायवर म्हणतात. सव्वीस वर्षं ते एकाच इंजिनाजवळ बसले होते. ते काही हसले नाहीत.

"इंजिनाला इचारलंस काय, मिस्त्री?" ते म्हणाले.

"इंजिन बोलतं होय, काका?"

"बोलतं तर. माझ्याशी बोलतं."

"मग तुम्हीच विचारून ठेवा. मी तोवर नटबोल्ट आणतो."

मला तेव्हा असल्या टवाळीची फार हौस. वय एकतीस, हातात कला, आणि जिभेला हाड नाही. उंब्रजला हायवेवर माझं गॅरेज होतं. भावाशी वाटणी झाली, गॅरेज त्याच्याकडे गेलं, आणि मी बायको नि दोन वर्षांचं पोरगं घेऊन घाट उतरून इथं आलो. बंदरात मला सगळे 'घाटी मिस्त्री' म्हणायचे. ट्रॅक्टर, लॉरी, डंपर, काय म्हणाल त्याला मी टर्बो बसवला होता. बोटीला मात्र एकदाही नाही. पण इंजिन ते इंजिन, त्यात काय एवढं, असं मला मनापासून वाटत होतं. आणखी चार नाखवे कडेला उभे राहून बघत होते. 'जलदेवी' पळाली तर त्या चारही बोटी माझ्याकडे येणार होत्या, आणि नाही पळाली तर मला परत घाट चढायला तोंड नव्हतं. सगळा डाव या एका इंजिनावर होता.

इंजिन वर काढून माझ्या शेडमध्ये आणलं. लोखंडी स्टँडवर बोल्टनं आवळलं आणि आठ दिवस मी त्याच्याशी झोंबलो. इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणारा नवा मॅनिफोल्ड घडवून घेतला. टर्बोच्या आतली दांडी मिनिटाला लाखभर फेरे घेते, तिला सारखं तेल लागतं. म्हणून वरून तेल आणणारी बारीक नळी टाकली, आणि वापरलेलं तेल परत खाली इंजिनात नेणारी जाड नळी. ही जाड नळी नीट उतरती हवी. तिच्यात जोर नसतो, तेल नुसतं आपल्या वजनानं घसरतं. मी तिला सुबक वाक देऊन पुढच्या अंगाला नेली आणि खाली जोडली. बघणाऱ्यानं वा म्हणावं असं काम.

मग पंप. हवा जास्त मिळणार म्हणजे डिझेलही थोडं जास्त द्यायला हवं. स्क्रू पाव फेरा आत घेतला तर धूर काळाकुट्ट. थोडा मागं घेतला, धूर राखाडी. आणखी केसभर मागं, आणि धूर जवळजवळ दिसेनासा झाला. हवेचा काटा अकरा पौंडांवर स्थिर. टर्बोची ती बारीक शीळ ऐकून माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

नारूकाका रोज येऊन बसायचे. त्या दिवशी त्यांनी इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवला, बराच वेळ.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"हितं तर खूश हाय."

"म्हणजे?"

"हितं तुझी जमीन सपाट हाय, मिस्त्री. बोटीत काय सपाट नसतं."

"काका, समुद्रात लाटा असतात हे मला पण माहितीये."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काहीतरी बोलणार होते, पण माझा तो टोन ऐकून त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि उठून गेले. मी एक शब्द विचारला असता तर त्यांनी सांगितलं असतं. पण विचारायला मी लहान व्हायला हवं होतं ना.

चाचणीचा दिवस उजाडला. सकाळी नऊची वेळ, खाडी शांत, वर स्वच्छ ऊन. बोटीवर हरूशेट, सुकाणूवर त्यांचा पुतण्या, दोन खलाशी, मी, आणि खाली इंजिनाच्या खणात नारूकाका. धक्क्यावर निम्मं बंदर जमलेलं. हरूशेटच्या बायकोनं नारळ फोडला.

खाडीतून बाहेर पडेपर्यंत 'जलदेवी' शहाण्या पोरीसारखी चालली. मग सोळाशे फेरे, टर्बोची शीळ, आणि बोटीनं अशी उसळी घेतली की हरूशेटनी माझ्या पाठीवर थाप मारली. "च्यायला मिस्त्री! ही तर तरणी झाली!"

अर्धा तास आम्ही पळवली. मला वाटत होतं की आता उंब्रजला भावाला फोन करावा आणि नुसती खुशाली विचारावी, बाकी काही नाही.

"आता पुरी रेस दे," हरूशेट ओरडले.

नारूकाकांनी पुरी दिली. बोटीचं नाक वर आलं, मागचं अंग पाण्यात बसलं. दोन मिनिटं गेली असतील नसतील. धुराड्यातून एकदम पांढरानिळा धूर सुटला. तेल जळतंय, हे मला वासावरून कळलं. पाठोपाठ इंजिनाचा आवाज चढला. चढत गेला. कुणी हात न लावता चढत गेला.

"कमी कर, नारू!"

"कमी केलंय!" खालून आवाज आला. "बंद पण केलंय! ऐकत नाय!"

मी समजलो. टर्बोतून तेल हवेच्या वाटेनं इंजिनात जात होतं आणि इंजिन आता डिझेलवर नाही, स्वतःच्याच तेलावर पळत होतं. असं पळालेलं इंजिन चावीनं थांबत नाही, डिझेल तोडून थांबत नाही. ते फुटेपर्यंत पळतं. आणि फुटलं तर त्या खणातला माणूस जागच्या जागी संपला, शेजारी डिझेलची टाकी. एकच उपाय असतो. त्याची हवा कोंडायची.

"हवा बंद करा!" मी ओरडलो. "काका, हवा! फिल्टर काढा आणि तोंड दाबा!"

मी ओरडलो. उतरलो नाही. खणाचं तोंड माझ्यापासून चार पावलांवर होतं, काम माझं होतं, मला ते येत होतं, आणि माझे पाय फळीला खिळल्यासारखे झाले होते. मला भीती वाटली. त्याला दुसरा शब्द नाही.

खाली खडखडाट झाला. मग इंजिनानं एक आचका दिला, सगळी बोट हादरली, आणि बंद पडलं. एकदम सगळं शांत. मग नारूकाकांचा आवाज आला, ओरडण्याचा नाही, नुसता कण्हण्याचा.

फिल्टर उपटून त्यांनी टर्बोच्या तोंडावर गोणपाटाची घडी दाबली होती. टर्बोनं गोणपाट आत ओढलं, आणि गोणपाटाबरोबर हात. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दुसऱ्या बोटीनं आम्हाला ओढत आणलं. नारूकाकांना जीपमधून दापोलीला नेलं. हरूशेट त्यांच्याबरोबर जायला निघाले होते, पण जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून ते मागं राहिले आणि थेट बोटीवर आले. त्यांच्यामागं ते चार नाखवे, आणि त्यांच्यामागं बाकीचं बंदर. मी खणात उतरलो होतो. वर बघितलं तर तोंडंच तोंडं.

"काय झालं, मिस्त्री?" हरूशेटनी विचारलं. "काय चुकलं?"

मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. हे मी देवाशपथ सांगतो. तेल टर्बोतून गेलं एवढं कळत होतं, का गेलं ते कळत नव्हतं. आणि वर सगळे उत्तराची वाट बघत होते. मी काहीतरी करायचं म्हणून तेल मोजायची पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, परत घातली आणि काढली. तेल वरच्या रेषेच्या चांगलं बोटभर वर होतं. एवढं जळूनसुद्धा.

"तेल जास्त आहे," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"तेल जास्त भरलं की ते टर्बोतून परत यायला जागा राहत नाही. मग ते इंजिनात शिरतं." हे खोटं नव्हतं. असं होतं कधी कधी. मी पट्टी वर उंच धरली. "ही बघा रेष. आणि हे बघा तेल."

मग चारातला एक नाखवा म्हणाला, "तेल तर नारूच भरतो."

"सव्वीस वर्सं भरतो," हरूशेट म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हातारा झाला रं. नवीन यंत्र त्याला झेपलं नाय."

आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा खणात उतरलो. ओहोटी लागायची होती, बोट खाडीत निवांत तरंगत होती. फुटका टर्बो सोडवायला बसलो तर ती पट्टी पुन्हा हाताशी आली. उजेडात नीट धरली आणि मला दिसलं. कंपनीच्या वरच्या रेषेच्याही वर, दीड बोटावर, कानशीनं घासलेली एक बारीक खाच होती. जुनी, झिजून गुळगुळीत झालेली. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं त्या खाचेपर्यंत तेल भरत होतं.

मी बराच वेळ ती खाच अंगठ्यानं चाचपत बसलो. मग धक्क्याजवळच्या एका घराच्या कामावर गवंडी होता, त्याच्याकडून ओळंबा मागून आणला आणि इंजिनाच्या अंगाला लावून धरला.

इंजिन तिरपं होतं. चांगलंच तिरपं, मागं झुकलेलं. अरे, बोटीत असणारच! पंखा पाण्याखाली, त्याची दांडी तिरकी, म्हणून इंजिनही तिरकं बसवतात. वेळवाडीतलं शेंबडं पोर हे सांगेल. तिरक्या इंजिनात तेल मागं जमतं, पट्टी मागच्या अंगाला, म्हणून बरोबर तेल असलं तरी रेषेच्या वर दिसतं. नारूकाकांची खाच बरोबर होती. कंपनीची रेष जमिनीवरच्या लॉरीसाठी होती. आणि मी बसवलेली ती सुबक जाड नळी, जी स्टँडवर छान उतरती होती, ती इथं आडवी झाली होती. पुरी दिल्यावर बोटीचं नाक वर उचललं की ती चढती होत होती. तेल परत खाली जाणार कसं? ते टर्बोतच साठलं आणि इंजिनात शिरलं.

चूक माझी होती. पूर्ण माझी.

मी काय केलं सांगू? नळी कापली, मागच्या अंगानं सरळ खाली उतरवली, नवा टर्बो आणला, बसवला. कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी 'जलदेवी' पुन्हा पळाली, दुसरा डायवर घेऊन, आणि पुरी देऊन तासभर पळाली. शीळ सगळ्या खाडीत ऐकू येत होती. लोक म्हणाले, बघा, तेल बरोबर भरलं तर कशी चालते.

त्यानंतर तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी नारूकाकांच्या घरी गेलो. ओटीवर बसले होते, हाताला पांढरं बँडेज, डाव्या हातानं सुपारी कातरायची खटपट चालली होती. त्यांच्या बायकोनं मला बघितलं आणि आत निघून गेली. चहा विचारला नाही.

मी म्हणालो, "काका, तेल बरोबर होतं."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"नळीचा उतार चुकला होता," मी म्हणालो. "माझा. बोटीत इंजिन तिरपं असतं ते मी धरलंच नव्हतं. तुमची खाच मला दिसली. माझ्यामुळं..." आणि मला रडू फुटलं. बाप्या माणूस त्यांच्या ओटीवर हुंदके देत बसलो.

त्यांनी मला रडू दिलं. मग शांतपणे विचारलं, "हरूशेटला सांगितलंस?"

"नाही अजून."

"त्या चौघांना?"

"नाही."

"मग मला कशापायी सांगतोस?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तेल मीच भरलं होतं. किती भरलं ते मला ठाव नाय काय? ज्यांना ठाव नाय त्यांना सांग. बोटं गेली तर गेली, मिस्त्री, आठ उरली. पण बोटीवर मला कोण उभं करत नाय. पोरं हसतात."

"सांगतो. आज सांगतो. लिलावालाच सांगतो, सगळ्यांसमोर."

"सांग," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आशाच ती. ती बघितली नसती तर पुढचं मला थोडं सोपं गेलं असतं.

संध्याकाळी चार वाजता मी धक्क्यावर गेलो. लिलाव रंगात आला होता. टोपल्या, ओरडाआरडा, बर्फाच्या लाद्या. हरूशेट मधोमध उभे. मला बघून दोन्ही हात पसरले. "या, मिस्त्री, या! आपण आज पयले लागलो धक्क्याला!" आणि चारही नाखव्यांना पुढं ओढून म्हणाले, "हे थांबलेत तुझ्यासाठी. चारी बोटी करायच्या, पावसाळ्याआधी."

"शेट, मला एक सांगायचंय. नारूकाकांचं. ते तेलाचं..."

"हां, ते कळलं रं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "तुझा जीव तुटतोय त्याच्यासाठी, मला दिसतंय. त्याला मी उपाशी ठेवणार नाय, जाळी शिवायचं काम देतो. पण आता ते उगाळू नको."

त्यांनी मला अडवलं, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला बजावत आलो. कसलं अडवलं? एक वाक्य बोलायचं होतं. 'तेल बरोबर होतं.' तीन शब्द. मी थांबायला जागाच शोधत होतो, त्यांनी ती दिली. मी मान हलवली आणि विचारलं, "पहिली कुठली बोट घ्यायची?"

चारी बोटी झाल्या, मग आणखी झाल्या. प्रत्येक बोटीत मी आधी ओळंबा लावायचो, मग नळी. एकही इंजिन पुन्हा तसं बेफाम सुटलं नाही. नारूकाका नऊ वर्षं जाळी शिवत बसले, आठ बोटांनी. मी त्या वाटेनं जाणं सोडलं. कुठल्याच बोटीनं त्यांना पुन्हा इंजिनाजवळ बसू दिलं नाही. त्यांच्या मयतीला मी गेलो होतो, खांदा द्यायला पुढं झालो, तर त्यांच्या बायकोनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी मागं सरलो.

या सगळ्याला आता पंचवीस वर्षं उलटली. गॅरेज मुलगा बघतो. सून याच बंदरातली, बोलायला फटकळ, हाताला चव असलेली. परवा आम्ही दुपारी जेवायला बसलो होतो. मुलानं कालवणाचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय गं हे? किती मीठ?"

सुनेनं स्वतः चाखलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाई! आज तर नारूचं तेलच झालं की!"

मुलगा हसला. मी विचारलं, "काय झालं म्हणालीस?"

"नारूचं तेल. आमच्यात म्हणतात ना, आबा. काही जास्त पडलं की म्हणायचं. माझी आई पण म्हणते."

"नारू कोण?"

"काय ठाऊक? असेल कुणीतरी मागचा. येडा असणार."

माझा घास हातातच राहिला. पंचवीस वर्षं अडकलेलं ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"तेल बरोबर होतं," मी म्हणालो.

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मग माया आली तिला. तिनं माझ्या ताटातली वाटी उचलली आणि म्हातारी माणसं गोंधळतात तेव्हा त्यांच्याशी बोलतात तशा सावकाश आवाजात म्हणाली, "तेल नाही हो आबा. मीठ. मीठ जास्त झालंय. द्या, पाणी घालून आणते."

"बरं," मी म्हणालो, आणि ती वाटी घेऊन आत गेली.